मागे उरलेलं घर (लेखांक ९) : देव्हाऱ्यातली थाळी

गेल्या रविवारी आपण पानिपतानंतर पती सदाशिवरावभाऊंची वाट पाहत राहिलेल्या पार्वतीबाईंपाशी थांबलो होतो. आज भाऊसाहेबांच्या तोतयाचं प्रकरण घ्यायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर नेतो. धनकवडीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि ते वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

ताईंचं मूळ गाव भोर तालुक्यात. त्या लिहितात : ‘आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या मागे एक जड थाळी उभी करून ठेवलेली असते. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली देवी आहे, शेजारी सिंह आहे. सासूबाई तिला हळदकुंकू वाहायच्या, त्यांच्या सासूबाईही वाहायच्या. ही कुठली देवी? आणि कडेनं इंग्रजी अक्षरं का आहेत?’ सोबत फोटो आहे. फोटोत कुंकवाचा इतका थर दिसतो की सिंहाची आयाळ लाल झाली आहे.

ताई, ही ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं स्त्रीरूपातलं प्रतीक. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं पाठवलेलं हे स्मृतिपदक आहे. तुमच्या सासरचा कुणी एक पुरुष त्या युद्धात गेला आणि परत आला नाही. त्याच्या बदल्यात घरी आली ती ही थाळी.

पदक पितळेचं वाटतं, पण ते काशाचं, म्हणजे ब्राँझचं असतं. रुंदी सुमारे १२ सेंटिमीटर. लिव्हरपूलचे शिल्पकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांनी ते घडवलं. त्यासाठी स्पर्धा ठेवली होती आणि आठशेहून अधिक नमुने आले होते. ब्रिटानियाच्या उजव्या हातात त्रिशूळ आहे, डाव्या हातात पानांचं कडं. आजूबाजूला दोन डॉल्फिन, ते आपल्याकडे मासेच समजले गेले असणार. तळाशी एक लहान सिंह गरुडाला फाडतो आहे. गरुड म्हणजे जर्मनी. कडेच्या इंग्रजी ओळीत, हा माणूस स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला, असं म्हटलं आहे. साम्राज्यभर मिळून अशी साडेतेरा लाखांच्या आसपास पदकं वाटली गेली.

आता ताई, देवीनं जे पानांचं कडं पुढे धरलं आहे, त्याच्या खाली एक चौकट आहे. तुमच्या फोटोत ती कुंकवानं बुजली आहे. त्या चौकटीत तुमच्या माणसाचं नाव आहे.

हे नाव कोरलेलं नसतं, पदकाबरोबरच ओतलेलं असतं, म्हणून अक्षरं वर उठलेली असतात. नावाआधी हुद्दा नसतो. साहेब असो वा शिपाई, मरण सारखं मानायचं, असं मुद्दाम ठरवलं होतं. हेतू चांगला होता, पण आपल्या शिपायाची त्यात अडचण झाली. सुभेदार, नाईक, पलटण, नंबर यांतलं काहीच नाही. ‘गणपत शिंदे’ एवढंच लिहिलं असेल, तर सातारा-पुण्याच्या कुठल्या गणपत शिंद्यांचं ते पदक, हे एकट्या पदकावरून सांगता येत नाही.

तरीही त्या चौकटीचं मोल फार मोठं आहे, कारण स्मारकांच्या दगडांवर त्याचं नाव नाही.

या भागातले पुष्कळ शिपाई मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. तिथे आधी गेलेली ६ वी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणूनच ओळखली जायची. जनरल टाउनशेंड तिला घेऊन बगदादच्या दिशेनं निघाले, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला अडले आणि मागे फिरून कूत-अल-अमारा या गावात अडकले. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा होता. आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, मुंबई सॅपर्सच्या तुकड्या होत्या. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले; कित्येक शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. शेवटी शरणागती झाली आणि सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. वाळवंटातून चालवत नेताना आणि नंतर रेल्वेच्या कामावर त्यांतली हजारो मेली. गावाकडे त्यांच्या बायकांना मात्र महिनोन्‌महिने कळायचं नाही की माणूस कैदेत आहे की गेला. पार्वतीबाईंबद्दल लिहिताना माझ्या मनात याच बायका होत्या.

कबर नसलेल्या या माणसांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक उभारलं, १९२९ साली. चाळीस हजारांहून अधिक मृतांचं. ब्रिटिश शिपायाचं तिथे नाव कोरलं. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या खाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ एवढंच. नुसता आकडा. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा संतापलो होतो आणि आजही तो संताप कमी झालेला नाही.

आपल्या गावांतही तेच झालं. सातारा, कोकण, भोर, पुरंदर या बाजूला चावडीत, शाळेच्या भिंतीत किंवा वेशीजवळ लहानशी संगमरवरी पाटी दिसते : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतके मेले. तिथेही आकडाच. आणि आपल्याच पुण्यात, मुळेकाठी खडकीच्या युद्ध दफनभूमीत १९१४-१८ चं स्मारक आहे, त्यावर हिंदुस्थानातल्या छावण्यांत मेलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावं आहेत, बहुतेक सगळे ब्रिटिश. ती नावं असावीतच, तीही कुणाची तरी मुलं होती. पण भोरच्या शिपायाचं नाव ना बसऱ्याच्या दगडावर, ना गावच्या पाटीवर. ते ओतलं गेलं घरी आलेल्या पदकावर.

म्हणून ताई, पदक चिंच-मिठानं किंवा पितांबरीनं घासू नका. उठावाची अक्षरं घासून सपाट होतात आणि गेलेलं अक्षर परत येत नाही. कुंकू कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं हलकेच टिपून काढा. मग चौकटीवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवा. नाव कागदावर उमटेल. बाजूनं टॉर्च तिरका मारून फोटोही घ्या.

दुसरं काम : घरातली जुनी पेटी, फडताळ, आजीचा डबा शोधा. मृत्यूच्या पदकाखेरीज लढाईची पदकंही मिळत असत, रंगीत फितीला लावायची. त्यांतलं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ शिपायांना चांदीचं मिळे. पलटणीबरोबरच्या सेवकवर्गाला आणि मजुरांना काशाचं. चांदीची पदकं फार घरांत उरली नाहीत. ती सोनाराकडे गेली आणि वितळली. १९८० च्या सुमाराला चांदीचा भाव चढला तेव्हा तर जगभर ती वितळली. काशाला भाव नव्हता म्हणून थाळी राहिली. पण लढाईचं एखादं पदक सापडलंच, तर त्याचा चेहरा बघत बसू नका, कड बघा. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं क्रमानं असतं. थाळीवर जे नाही ते सगळं तिथे आहे.

नंबर आणि पलटण हाती आली, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत शोधता येतं. दगडावर नाव नसलं तरी त्या नोंदींत पुष्कळदा शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव असतं. स्पेलिंग भयंकर असतात. नावापेक्षा नंबरानं शोधा. घरात ‘पणजोबा पाचव्या मराठ्यात होते’ असं म्हणत असतील, तर ते नाव १९२२ नंतरचं. १०३, ११०, ११७ या जुन्या पलटणी तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेल्या.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अशी पदकं मी पाहिली आहेत, किलोच्या भावातल्या कुलपांशेजारी. विकणाऱ्याला दोष देत नाही. त्याच्यापर्यंत ती कुणाच्या तरी घरातूनच येतात. एका माणसाची तीन पदकं तीन गिऱ्हाइकांकडे गेली की तो माणूस पुन्हा जुळत नाही.

पत्राच्या शेवटी ताई विचारतात, खरी देवी नसेल तर ती देव्हाऱ्यातून काढावी का. माझं स्पष्ट मत : काढू नका. त्या घरातल्या बायकांनी शंभर वर्षं आपल्याच माणसाच्या नावाला हळदकुंकू वाहिलं आहे. आता चौकटीतलं नाव वाचून वहा.

आणि इतर वाचकांना विनंती. घरात असं काही असेल तर विकण्याआधी, वाटणीत देण्याआधी, घर पाडण्याआधी त्याच्या कडा वाचा, अक्षर अन् अक्षर उतरवून घ्या आणि तो कागद वस्तूबरोबर ठेवा. पुढच्या रविवारी तोतया.