शेजारचे मांजर आणि आपला धम्म

आपल्या वस्त्यांतून भांडणे कशावरून होतात याचा हिशेब मांडला, तर पाणी आणि कचरा यांच्या जोडीला आणखी एक कारण हमखास निघेल. ते म्हणजे मांजर. दुधाचे पातेले उपडे केले, वाळत घातलेले बोंबील पळविले, माळ्यावर पिल्ले घातली, दारातल्या पायपुसण्यावर घाण केली. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप बोक्यांच्या भांडणाने मोडते. एका घरची बाई दयेने दूध-भाकरी घालते, शेजारीण काठी घेऊन धावते. मग नळावर तोंडातोंडी होते आणि एकाच विहारात वंदनेला बसणारी दोन कुटुंबे एकमेकांशी बोलेनाशी होतात. म्हणून हा विषय आम्ही क्षुल्लक मानत नाही.

काही जण सल्ला देतात, 'उंदराचे औषध घाला आणि मोकळे व्हा.' पंचशीलातले पहिलेच शील आपण रोज म्हणतो, ते कशासाठी? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. माशाच्या तुकड्यासाठी जीव घेणे ही गरज नव्हे, तो राग आहे. शिवाय ते विष उद्या एखाद्या रांगत्या लेकराच्या हाती लागू शकते. कायद्यानेही हा गुन्हा आहे. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोत्यात घालून लांब सोडणेही व्यर्थ आहे. खरकटे उघडे असेल, तर एक मांजर गेले की दुसरे येते.

याउलट, मांजराला भिणारेही आपल्यात अजून आहेत. मांजर आडवे गेले की पाऊल मागे घेतात, मांजर मेले तर सोन्याचे मांजर दान करण्याच्या गोष्टी सांगतात. ही भीती कोठून आली? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांना मारल्यास शूद्रहत्येचे प्रायश्चित्त घ्यावे असे सांगितले आहे. म्हणजे शूद्राच्या जिवाची किंमत बेडकाएवढी! तो ग्रंथ महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला गेला. आपण मांजराला मारत नाही ते पापाच्या धाकाने नव्हे, तर करुणेने. हा फरक मुलांना जरूर सांगावा.

आता उपाय पाहू. पहिला, अन्न झाका. मासळीची डोकी, आतडी कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका. दुधावर वजनदार झाकण ठेवा. खिडकीला जाळी आणि माळ्याच्या तोंडाला फळी लावा. कुंड्यांतल्या मातीवर खडे किंवा करवंटीचे तुकडे पसरा, बांधकामाच्या रेतीवर ताडपत्री टाका. घाण केलेली जागा साबणाने धुऊन व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, वास राहिला की ते पुन्हा तेथेच येते. फिनेल आणि डांबरगोळ्या मात्र टाळा. त्या मांजराला विषारी आहेत आणि लहान मुलांनाही धोक्याच्या आहेत.

दुसरा उपाय नसबंदीचा. मांजर सहाव्या महिन्याच्या आसपास गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले झाली तर चाळ किती दिवस पुरणार? नसबंदीनंतर बोक्यांची भांडणे आणि दुर्गंधीही बरीच कमी होते. आपल्या पालिकेच्या पशुवैद्यकीय खात्याकडे किंवा प्राणीसंस्थेकडे चौकशी करावी. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय ठाऊक आहेच.

मांजर चावले किंवा ओरखडले तर हळद, तिखट, चुना लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जा. रेबीज केवळ कुत्र्यामुळे होतो हा गैरसमज आहे. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लसीची सर्व इंजेक्शने वेळेवर पुरी करा. गरोदर भगिनींनी मांजराची घाण स्वतः काढू नये, त्यातून गर्भाला बाधक असा रोग होऊ शकतो.

शेवटचा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत अवघड आहे. तो म्हणजे बोलणे. जी भगिनी खाऊ घालते तिने एकच जागा आणि एकच वेळ ठरवावी, दुसऱ्याचे दार टाळावे, उरलेले उचलावे, जागा धुवावी. ज्याला त्रास होतो त्याने काठी न उचलता तिच्याशी शांतपणे बोलावे. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे बसून वर्गणी काढली, तर नसबंदीसाठी जाण्या-येण्याचा रिक्षाखर्च सहज निघेल. मैत्री ही केवळ गाथेत म्हणण्याची गोष्ट नाही. ती शेजाऱ्याच्या दारापासून सुरू होते, आणि त्या दारात बसलेल्या मांजरापर्यंत पोहोचते.

जय भीम!