भिंत आली, पदक नाही

शांतिनिकेतनात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, बुधवारी असते. उपासनेचा वार म्हणून ती प्रथा पडली. 2004च्या मार्चमधल्या अशाच एका बुधवारनंतर, म्हणजे 25 तारखेला, रवींद्र भवनातलं संग्रहालय उघडलं आणि रवींद्रनाथांचं नोबेल पदक गायब असल्याचं दिसलं. ठाकूर घराण्यातल्या इतर मौल्यवान वस्तूही गेल्या होत्या. मध्ये अख्खा दिवस तिकडे कुणी फिरकणार नाही, हे चोराला कॅलेंडर पाहूनही कळलं असतं.

पदक 1913 सालचं, 23 कॅरेट सोन्याचं. उघड बाजारात ते कोण घेणार? आणि वितळवलं तर उरणार फक्त मूठभर सोनं.

तपास सीबीआयकडे गेला. 2007मध्ये फाइल बंद झाली, पुढच्या वर्षी उघडली, 2009मध्ये पुन्हा मिटली. 2016मध्ये राज्याच्या पथकाने एका बाउल गायकाला पकडलं, चोरांना आसरा दिल्याच्या संशयावरून. पदक मात्र हाती लागलं नाही. स्वीडिश अकादमीने 2004च्या डिसेंबरातच दोन प्रतिकृती द्यायचं ठरवलं होतं, एक सोन्याची आणि एक ब्राँझची. बंगालीत तर ‘नोबेल चोर’ नावाचा चित्रपटही निघाला!

चोरी झाली ती जागाही विलक्षण. 1901मध्ये इथे शाळा सुरू झाली ती झाडाखाली वर्ग भरवत, मुलांना कोंडून घालायचं नाही या हट्टापायी. पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकायला इथेच येऊन राहिले आणि त्यांच्या ‘वंगचित्रे’मुळे ही आंब्या-सालाची सावली मराठी घरांतही ओळखीची झाली. अशा आवारात 2004नंतर पहारा वाढला, कुंपणं आली. तरी चंदनाची झाडं कापून नेल्याच्या बातम्या येत राहिल्या. पुण्यातल्या कॅम्पसना हे दुखणं चांगलंच ठाऊक आहे.

कुंपणांच्या वादाची ठिणगी पडली 2020च्या ऑगस्टमध्ये. पौष मेळ्याच्या मैदानाभोवती इथल्या विद्यापीठाने भिंत घालायला घेतली. त्याच मैदानावर वर्षानुवर्षं बाउल गायले, खेडुतांनी दुकानं मांडली. 17 तारखेला जमाव चालून आला, बांधकाम उखडलं आणि फाटक यंत्र लावून पाडलं. प्रशासनाचं म्हणणं, आवार राखायचं तर हद्द हवी. गावाचं म्हणणं, हे मैदान आमचंही. दोघेही दाखला रवींद्रनाथांचाच देत होते. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे समिती नेमली गेली.

2023च्या सप्टेंबरात युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारशाचा मान दिला. मूळ पदकाचा ठावठिकाणा तेव्हाही लागलेला नव्हता.