सांठविलेला कार्यक्रम दिसेनासा कां होतो ?

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक कुटुंबें ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांत राहणारीं आहेत. या शहरांतील घरोघरच्या दूरचित्रवाणीशेजारीं आज जी लहानशी पेटी दिसते, तिला सर्वजण ‘सेट टॉप बॉक्स’ म्हणतात. ज्यांच्या गच्चीवर छत्री होती, त्यांच्याकडे हा बॉक्स २००३ सालापासून येऊं लागला. पण केबल घेणाऱ्या घरांत तो सरकारी हुकुमामुळें आला. मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांनंतर ज्या ३८ शहरांत केबलवरील जुनें उघडें प्रक्षेपण बंद करण्यास ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली, त्यांत ठाणें व कल्याण-डोंबिवली हीं दोन्हीं शहरें होतीं.

यांपैकीं कित्येक बॉक्समध्यें कार्यक्रम सांठवून ठेवण्याची सोय असते. लोकलच्या गर्दींतून रात्रीं उशिरां घरीं परतणाऱ्या पालकांना ती मोठी उपयोगाची वाटते. परंतु सांठविलेला कार्यक्रम पाहावयास बसावें, तों चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो, किंवा काळ्या पडद्यावर एखादी सूचना मात्र उमटते. अशा वेळीं ‘बॉक्स बिघडला’ एवढेंच म्हणून पुष्कळ लोक घाईनें बॉक्स बदलून घेतात, आणि मग जें वांचविणें शक्य होतें, तेंही जातें. म्हणून या बिघाडांचीं कारणें व त्यांवरील उपाय क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कुलपाविषयीं दोन शब्द. प्रक्षेपणाचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळें तो आपणांस आकाशांत एकाच जागीं स्थिर भासतो. त्याच्या लहरी सबंध देशावर पडतात. ज्याच्याजवळ छत्री आहे, त्याला त्या धरतां येतात. मग वर्गणी न देणाऱ्यास वगळावें कसें ? याला उपाय एकच : चित्रच कुलपांत घालून पाठवावें. अमेरिकेंत एच.बी.ओ. या वाहिनीनें जानेवारी १९८६ पासून असें केलें. आपल्याकडे दूरदर्शनची डिसेंबर २००४ मध्यें निघालेली मोफत सेवा कुलपाविना सुरू झाली. पण वर्गणीच्या सेवांस कुलूप लागतेंच.

हें कुलूप अंकांचें असतें. चित्र व ध्वनि यांचे अंक एका गुप्त किल्लीनें उलटेपालटे करून पाठवितात, आणि ती किल्ली दर कांहीं सेकंदांनीं बदलते. नवी किल्ली चित्राबरोबरच येते. मात्र ती स्वतः बंद लखोट्यांत असते. हा लखोटा फोडण्याचें काम बॉक्समधील स्मार्ट कार्ड, किंवा कार्ड नसेल तेथें आंत बसविलेली चिप करते. आणि वर्गणी चालू असेल तरच करते. केर्कहॉफ्स नांवाच्या एका डच भाषापंडितानें १८८३ सालींच असें लिहून ठेविलें होतें कीं, कुलपाची रचना शत्रूच्या हातीं पडली तरी चालेल, किल्ली तेवढी गुप्त राहिली पाहिजे. त्याच्या म्हणण्याचा प्रत्यय येथें येतो : बॉक्स उघडून आंतील रचना कितीही न्याहाळली, तरी किल्लीवांचून कांहीं साधत नाहीं.

आतां सांठवणीकडे वळूं. कांहीं बॉक्स आलेला कार्यक्रम कुलूप न काढतां तसाच हार्ड डिस्कवर ठेवितात, आणि पाहण्याच्या वेळीं कार्डाकडून किल्ली मागतात. दुसरे कांहीं बॉक्स आलेलें कुलूप काढून स्वतःच्या पोटांतील किल्लीनें नवें कुलूप घालतात. दोन्हीं रीतींचा परिणाम एकच. ती डिस्क शेजाऱ्याच्या बॉक्सला किंवा संगणकाला जोडली, तर फाइल कदाचित् दिसेल, पण चित्र दिसणार नाहीं. ट्रंक नव्या घरीं आणली आणि किल्ली जुन्या बिऱ्हाडींच राहिली, अशांतला हा प्रकार आहे.

बिघाड कोठें आहे हें ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. ज्या ठिकाणीं चित्र फुटलें, त्याच्या दोन मिनिटें मागें जाऊन तोच भाग पुन्हां पाहावा.

चित्र नेमकें त्याच क्षणीं पुन्हां फुटलें, तर दोष बहुधा सांठवणींतच आहे. म्हणजे कार्यक्रम आला, तेव्हांच लहरी क्षीण होत्या. घरच्या छत्रीवर येणाऱ्या लहरींची लांबी सुमारें अडीच सेंटिमीटर असते. जुलैंतील मुसळधार पावसाचे थेंब त्यांचें बळ शोषून घेतात व त्यांना विखरून टाकतात. तसेंच मार्चच्या व ऑक्टोबरच्या आरंभीं कांहीं दिवस सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागें येतो, आणि दिवसा कांहीं मिनिटें सूर्याच्या लहरींत उपग्रहाच्या लहरी बुडून जातात. कार्यक्रम १८८ बाइटांच्या लहान लहान पुडक्यांनीं येत असतो. जीं पुडकीं आलींच नाहींत, तीं कोणताही कारागीर मागाहून आणून देऊं शकत नाहीं. आणि किल्लीचे लखोटे ओळीनें हरवले, तर कांहीं सेकंद सबंध चित्रच नाहींसें होतें. येथें पुनःप्रक्षेपणाची वाट पाहावी, आणि छत्री हलली आहे काय, तारेच्या जोडांत पाणी शिरलें आहे काय, हें तपासून घ्यावें. मात्र कोरड्या हवेंत सांठविलेले कार्यक्रमही असेच ठराविक जागीं फुटूं लागले, तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत चालला आहे असें समजावें.

चित्र दर वेळीं निरनिराळ्या ठिकाणीं अडखळलें, तर सांठवण शाबूत असून ती वाचणारें यंत्र थकलें आहे. बॉक्स बंद शोकेसमध्यें कोंडला असेल, तर तो तापतो. त्यास मोकळी हवा द्यावी. डिस्क बाहेरून जोडलेली असेल, तर तिची वायर सैल आहे काय व तिला पुरेशी वीज मिळते काय, तें पाहावें. डिस्क कांठोकांठ भरली असेल, तर नको असलेले कार्यक्रम काढून टाकावे.

चित्र मुळींच आलें नाहीं, तर प्रथम चालू वाहिनी लावून पाहावी. तीही दिसत नसेल, तर वर्गणी संपली आहे किंवा कार्ड नीट बसलेलें नाहीं. वर्गणी भरल्यावर बॉक्स कांहीं वेळ चालूच ठेवावा. कारण परवानगीचा संदेशही त्याच तारेनें येतो, आणि बंद बॉक्सला तो मिळत नाहीं. चालू वाहिनी दिसते पण जुना कार्यक्रम उघडत नाहीं, असें असेल, तर ती वाहिनी आपल्या पॅकेजमधून गेली आहे काय, किंवा मध्यंतरीं कार्ड वा बॉक्स बदलला आहे काय, याची चौकशी करावी. बॉक्स व दूरचित्रवाणी एच.डी.एम.आय. केबलनें जोडलेलीं असल्यास, चित्र देण्यापूर्वीं तीं दोन्हीं यंत्रें एकमेकांची ओळख पटवून घेतात. ती न पटल्यास पडदा काळा राहतो. अशा वेळीं दोन्हीं बंद करून, केबल काढून पुन्हां घट्ट बसवून चालू करावीं.

दोन गोष्टी मात्र करूं नयेत. नवा बॉक्स जुनी डिस्क ‘फॉरमॅट’ करूं काय असें विचारूं लागला, तर विचार न करितां ‘होय’ दाबूं नये. त्यानें सर्व पुसलें जातें. आणि कुलूप फोडून देतों म्हणणाऱ्याच्या नादीं लागूं नये. कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं घातलेल्या ६५-अ कलमान्वयें दुसऱ्याचा हक्क बुडविण्याच्या हेतूनें असें कुलूप मोडणें हा गुन्हा असून, त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे.

शेवटीं पालकवर्गास एक विनंती. मालिका वा क्रिकेटचा सामना गेला, तर फारसें बिघडत नाहीं. परंतु एखाद्या वाहिनीवर आपल्या मुलीचें गाणें झालें असेल, किंवा वडील माणसाची मुलाखत झाली असेल, आणि ती माणसें पुढें राहिलीं नाहींत, तर ती सांठवण म्हणजे घरांतील ठेवाच होय. असा ठेवा ज्या पेटीची किल्ली आपल्या हातीं नाहीं, तिच्यांत एकट्यानें ठेवूं नये. कार्यक्रम होतांच वाहिनीकडे किंवा कार्यक्रम करणाऱ्या संस्थेकडे पत्र लिहून कुलूप नसलेली प्रत मागावी, आणि मिळाल्यावर ती दोन ठिकाणीं ठेवावी. जुना बॉक्स परत देण्याचा दिवस ठरला असेल, तर त्यापूर्वींच हें पत्र धाडावें; बॉक्स गेल्यावर किल्लीही त्याच्याबरोबर जाते.