तार गावकुसापर्यंत, पुढे काय?

डॉ. अभय करंदीकर यांनी 1994 साली आयआयटी कानपूर येथून पीएच.डी. संपादन केली. सी-डॅकमधील कार्यानंतर 1997 मध्ये ते आयआयटी मुंबईत अध्यापनास रुजू झाले; 2018 मध्ये कानपूरच्या त्याच संस्थेचे संचालक झाले. संगणकजाळे हा त्यांचा संशोधनविषय. इंटरनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत येते. पुढील वाड्या-पाड्यांचे काय? त्यांच्या चमूने पालघर जिल्ह्यात उत्तर शोधले. दूरचित्रवाणीसाठी राखीव, परंतु विनावापर पडलेल्या लहरी वाय-फायपेक्षा दूर जातात, झाडीतूनही पार होतात. त्यांवरून गावांत इंटरनेट पोहोचले. 1927 साली बाबासाहेबांनी महाडचे पाणी सर्वांसाठी खुले करण्याचा लढा दिला. ज्ञानाचा झराही गावकुसाशी अडू नये, यासाठी आपल्या धाराशिवच्या विद्यार्थ्यांनी संशोधनाची वाट धरावी.