वंगण परीक्षण, चुंबकीय
यंत्राच्या वंगण तेलात मिसळलेले लोखंडाचे व पोलादाचे सूक्ष्म कण चुंबकाच्या साहाय्याने पकडून वा मोजून, यंत्र न उघडता त्याच्या भागांची झीज ओळखण्याची पद्धत. तेल घासणाऱ्या पृष्ठांमध्ये पातळ थर राखते, उष्णता वाहून नेते आणि झिजेतून सुटलेले कणही बरोबर घेऊन फिरते. म्हणून यंत्राच्या अंतर्भागाची स्थिती तेलावरून कळू शकते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड, मालवण, वेंगुर्ले इ. बंदरांतून मासेमारीस जाणाऱ्या यांत्रिक नौकांच्या डीझेल एंजिनांना ही पद्धत उपयुक्त आहे. भर समुद्रात एंजिन बंद पडल्यास नौका वारा व प्रवाह यांच्या स्वाधीन होते आणि खडकाळ किनाऱ्याजवळ खलाशांच्या जिवावर बेतू शकते.

तत्त्व : सिलिंडरची अस्तरे, दट्ट्यांची कडी, भुजादंड व दंतचक्रे बहुधा बिडाची वा पोलादाची असतात. नेहमीच्या घर्षणाने सुटणारे त्यांचे कण चपटे व सामान्यतः १५ मायक्रोमीटरपेक्षा (१ मायक्रोमीटर = मिमी.चा सहस्रांश) लहान असतात. वारंवार पडणाऱ्या भाराने पृष्ठाला शीण आला म्हणजे मात्र २० ते १०० मायक्रोमीटर व त्याहूनही मोठे खवले निघतात. कणांची संख्या व आकारमान वाढत जाणे ही बिघाडाची पूर्वसूचना होय.

साधने : सर्वांत साधे साधन म्हणजे तेलाच्या निचऱ्याच्या बुचाला बसविलेला कायम चुंबक. त्यावर जमणारा काळसर, मऊ लेप स्वाभाविक असतो. बोटाला टोचणारे कण वा चकाकणारे खवले धोक्याचे असतात. विमाने व हेलिकॉप्टरे यांत चुंबकाजवळ दोन अग्रे थोड्या अंतरावर ठेवतात. कणांनी ते अंतर भरून निघाले की विद्युत् मंडल पूर्ण होऊन चालकापुढील दिवा लागतो.

दुसऱ्या प्रकारात तेलाच्या नळीभोवती प्रत्यावर्ती प्रवाह वाहणारे वेटोळे असते. लोखंडाचा कण त्यातून जाताना वेटोळ्याची प्रवर्तकता क्षणभर वाढते. तांबे किंवा ॲल्युमिनियम यांच्या कणात प्रवर्तित झालेले प्रवाह उलट परिणाम करतात. त्यामुळे कण लोखंडाचा की अन्य धातूचा, हेही समजते. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेले संवेदक चुंबकावर साठलेल्या कणांमुळे क्षेत्रात होणारा बदल मोजतात. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रचारात आलेल्या पद्धतीत तेल चुंबकावरील तिरप्या काचपट्टीवरून वाहू देतात व आकारमानानुसार बसलेले कण सूक्ष्मदर्शकाने तपासतात.

मर्यादा : धारव्यांतील कथिल, शिसे व तांबे तसेच दट्ट्यांचे ॲल्युमिनियम साध्या चुंबकाला चिकटत नाही. तेलाची श्यानता, अम्लता व त्यात शिरलेले पाणी यांविषयीही तो काही सांगत नाही. नौकांच्या बाबतीत ही उणीव महत्त्वाची आहे. कारण शीतन यंत्रणेच्या गळतीतून खारे पाणी तेलात उतरल्यास तेलाचा थर तुटतो व धारवे गंजतात. असे तेल दुधाळ दिसते. त्याचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकल्यास तडतडतो. म्हणून चुंबक स्वच्छ निघाला तरी तेल डोळ्यांनी पाहणे आवश्यक असते. प्रयोगशाळेतील वर्णपटीय विश्लेषणाने इतर धातू व खाऱ्या पाण्यातील सोडियमही ओळखता येते. परंतु मोठे कण त्यातून निसटतात.

वापर : एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त केलेल्या एंजिनातून आरंभी अधिक कण येतात, तर तेल बदलल्यावर त्यांचे प्रमाण एकदम घटते. त्यामुळे एंजिन किती तास चालले व तेल केव्हा बदलले, याची नोंद ठेवावी लागते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या काळात बूच साफ करून नवे तेल भरावे आणि पुढे प्रत्येक वेळी तेल बदलताना बुचावरील गाळ पांढऱ्या कागदावर पुसून आधीच्या कागदाशी ताडून पाहावा. खवले वाढलेले दिसल्यास नौका पुन्हा समुद्रात नेण्यापूर्वी एंजिन उघडून तपासणे इष्ट असते.