मानसशास्त्रात बीए करायचंय, पण कर्ज काढून? चला, हिशेब मांडूया

आजच्या भागात आकडे बरेच आहेत. बसमध्ये ऐकताना ते निसटतात, म्हणून सगळं इथे लिहून ठेवतोय. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

विषय घरातूनच आला. माझी कऱ्हाडची मावसबहीण यंदा बारावी झाली. तिला मानसशास्त्र शिकायचंय. एका खासगी विद्यापीठात तिला बीएची सीट मिळाली. फी वर्षाला 2 लाख, हॉस्टेल वेगळं. सीट पक्की करायला सोमवारपर्यंत पैसे भरायचे होते. शनिवारी रात्री मावशीचा फोन आला, "अरे, तू कर्ज काढून शिकलास ना? मग सांग, काढू का नको?"

मी म्हटलं, थांबा, एक्सेल उघडतो. तर मागून बहिणीचा आवाज आला, "दादा, तू बीटेकला गेलास तेव्हा कुणी एक्सेल उघडलं होतं का?"

खरं सांगतो, नव्हतं उघडलं. इंजिनीअरिंग म्हणजे नोकरी, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. माझंही कर्ज होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट संपला आणि चार महिने घरी बसलो. हप्ता चुकल्यावर बँकेने फोन मला नाही, बाबांना केला. ते सहकर्जदार होते. त्यांनी मला काही ऐकवलं नाही, गुपचूप पैसे भरले. आज हिशेब करायला बसलो ते त्या फोनमुळे. मानसशास्त्र कमी दर्जाचं वाटतं म्हणून मुळीच नाही.

6 लाखांचे किती होतात?

हॉस्टेलचा खर्च काका करणार होते. म्हणजे कर्ज फक्त फीचं, दरवर्षी 2 लाख, एकूण 6 लाख. व्याजदर 11 टक्के धरू. तुमच्या बँकेचा दर वेगळा असेल, तो टाका.

शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. याला मोरॅटोरियम म्हणतात. हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असतं. पहिले 2 लाख चार वर्षं, दुसरे तीन वर्षं आणि तिसरे दोन वर्षं व्याज खातात. सरळव्याजाने ते होतं 1,98,000. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच कर्ज जवळजवळ 8 लाख झालेलं असतं.

आता 10 वर्षांची मुदत घेतली, तर हप्ता येतो महिन्याला साधारण 11,000 रुपये आणि एकूण भरणा 13.2 लाख. "हप्ता जड आहे, 15 वर्षं करा" म्हटलं, तर हप्ता 9,070 वर येतो, पण एकूण भरणा 16.3 लाखांवर जातो.

उलट, शिकताना आणि त्या मोकळ्या वर्षात घरच्यांनी नुसतं व्याज भरलं, पहिल्या वर्षी महिन्याला 1,833, दुसऱ्या वर्षी 3,667 आणि नंतर 5,500, तर एकूण भरण्यात सुमारे 1.3 लाख वाचतात.

आता पगाराकडे बघू

समजा, बीए झाल्यावर पहिली नोकरी 20,000 हातात देणारी मिळाली. हा माझा अंदाज आहे, तुम्ही तुमच्या गावातल्या जाहिराती बघून आकडा टाका. 11,000 हप्ता गेला की उरले 9,000. पुण्यात खोलीचं भाडं आणि डबा यातच ते संपतात.

मी एक साधा नियम धरतो: हप्ता पहिल्या पगाराच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नको. 20,000 चा पाव म्हणजे 5,000. वरच्या हिशेबात दर 1 लाख कर्जामागे साधारण 1,830 रुपये हप्ता बसतो. म्हणजे झेपेल असं कर्ज पावणेतीन लाखांच्या आसपास. 6 लाख नाही.

कुणी म्हणेल, शैक्षणिक कर्जावर करसवलत आहे की! आहे, पण ती फक्त व्याजावर, तीही जुन्या करप्रणालीत आणि जास्तीत जास्त आठ वर्षं. शिवाय वर्षाला 2.4 लाख कमावणाऱ्याला मुळात करच लागत नाही. मग सवलत कशातून घेणार?

बीए म्हणजे अर्धी वाट

इथे मानसशास्त्र बीटेकपेक्षा वेगळं पडतं. मी चार वर्षांनी इंजिनीअर म्हणून बाहेर पडलो. बीए करून कुणी सायकॉलॉजिस्ट होत नाही. समुपदेशनाच्या कामासाठी साधारणपणे एमए किंवा एमएस्सी मागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येत नुसतं बीए बसत नाही. या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलतेय, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची आरसीआयची यादी स्वतः बघा.

म्हणजे बीएलाच 6 लाख संपवले, तर ज्या शिक्षणाने काम मिळणार त्याच्या वेळी हात रिकामे. एमए करताना बँकेने हप्ता पुढे ढकलला, तरी 6 लाखांवर वर्षाला 66,000 व्याज चढतच राहतं.

दुसरा रस्ता बघा. अनुदानित कॉलेजात बीएची फी वर्षाला काही हजारांत असते. तिथे बीए करायचं आणि कर्ज एमएसाठी राखून ठेवायचं. एमएला 3 लाख काढले, तर याच पद्धतीने हप्ता येतो साधारण 5,270. शिवाय तोपर्यंत आपल्याला हे काम खरंच आवडतंय का, हेही कळलेलं असतं. अठराव्या वर्षी ते कुणाला माहीत असतं?

"मग डिस्टन्सने करू, अजून स्वस्त पडेल" असा विचार असेल तर थांबा. यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केलेत.

आणि बीएवरच थांबावं लागलं तर? एचआरमधली भरती, सामाजिक संस्थांचं काम, ग्राहक संशोधन ही दारं उघडी असतात. माझ्या टीममध्ये यूएक्स रिसर्च करणारी ताई मानसशास्त्राचीच आहे. लोक ॲपमध्ये कुठे अडतात हे ती आमच्याआधी ओळखते. म्हणून संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धतीचे पेपर "पास झालं की बस" म्हणून सोडू नका. जोडीला थोडं पायथन शिका.

सही करण्याआधी

1. फीचा आकडा तीन वर्षांचा लेखी घ्या. दरवर्षी वाढणार असेल तर किती, तेही.
2. कॉलेज पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आहे का बघा. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात 3 टक्के व्याजसवलत मिळू शकते.
3. "प्लेसमेंट 100 टक्के" असं ऐकलं, तर विचारा: बीए मानसशास्त्राच्या किती मुलांना, कुठे, किती पगारावर?
4. तिथूनच पास झालेल्या दोघांशी बोला.
5. सहकर्जदार कोण होणार, त्यांना हप्त्याचा आकडा सांगा. हप्ता चुकला तर त्यांचाही सिबिल स्कोअर खाली येतो.

रविवारी मावशीच्या घरी व्हिडिओ कॉलवर हे सगळं दाखवलं. काका बराच वेळ 13.2 लाखांकडे बघत होते. बहीण मात्र एमएच्या रकान्याकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे तू नको नाही म्हणत आहेस. आधी कुठे आणि मग कुठे, एवढंच सांगतोयस."

अगदी तेच. सोमवारी पैसे भरले नाहीत. साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या कॉलेजांत अर्ज केलेत, गुणवत्ता यादीची वाट बघतोय. एक्सेलची फाइल आता तिच्याकडे आहे. पगाराचा माझा आकडा तिने खोडला आणि स्वतः चार जाहिराती शोधून नवा टाकला.

तुमचा हप्ता किती आणि पहिला पगार किती होता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या, भेटू!