गहू बंद करण्याआधी तपासणी करा

शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत मूल दरवर्षी पहिलेच उभे असते. गेल्या वर्षीचा गणवेश यंदाही बसतो. ‘आजोबाही ठेंगणेच होते’, ‘नीट जेवतच नाही’ अशी घरात समजूत असते. टॉनिकच्या बाटल्या संपतात, जंताचे औषध होते, पण उंची हलत नाही.

चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वाढ सतत याहून कमी असेल, तर कारण शोधायला हवे. त्यातले एक कारण म्हणजे सिलिअॅक आजार. गहू आणि सातू (जव) यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे अशा मुलांची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे आतड्याचे बारीक अंकुर झिजतात. पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात गव्हाशी असलेला हा संबंध मांडला.

जुलाब आणि फुगलेले पोट ही ओळखीची लक्षणे. पण ती प्रत्येकात दिसत नाहीत. काहींमध्ये फक्त खुंटलेली उंची किंवा लोहाचे औषध देऊनही न हटणारा रक्तक्षय एवढेच दिसते.

निदानाची सुरुवात रक्ताच्या टीटीजी-आयजीए या तपासणीने होते. सोबत एकूण आयजीए मोजतात, कारण ते मुळातच कमी असेल तर अहवाल फसवा येतो. तपासणीत दोष आढळला, तर बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासतात.

इथेच अनेक पालकांची चूक होते. कुणीतरी सांगते आणि ते आधीच पोळी बंद करतात. मुलाला बरे वाटू लागते. पण काही महिन्यांत रक्तातली प्रतिपिंडे घटतात, आतडे भरून येऊ लागते आणि तपासणी ‘सामान्य’ येते. मग निदानासाठी मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालावा लागतो. म्हणून तपासण्या पूर्ण होईपर्यंत मुलाचे नेहमीचे जेवण चालू ठेवावे.

निदान पक्के हवे, कारण पथ्य जन्मभराचे आहे. पोळी, पाव, बिस्किटे, रवा, मैदा, शेवया सगळे बंद. सुदैवाने मराठी घरात ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ आहेतच. मात्र गिरणीत गव्हावर ज्वारी दळली, तर त्यात गव्हाचे पीठ मिसळते. तेव्हा दळण वेगळे हवे. बाजारच्या हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ असते, त्यामुळे वेष्टन वाचावे. आईवडील आणि भावंडांचीही रक्ततपासणी करून घ्यावी.

पथ्य वेळेत सुरू झाले, तर बहुतेक मुले मागे पडलेली उंची बरीचशी भरून काढतात. वयात आल्यावर हाडांची वाढ थांबली, की ती संधी उरत नाही. टॉनिकची पुढची बाटली आणण्याआधी मुलाची उंची मोजून लिहून ठेवा आणि ती नोंद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.